तर्कबुद्धी आणि प्रकटीकरण : लॉक–टोलंडच्या काळातला ख्रिस्ती वाद कसा वाचावा

या विषयावरच्या निबंधांत पुन्हा पुन्हा तेच चित्र येते. एकीकडे तर्क मानणारे तत्त्वज्ञ, दुसरीकडे पवित्र शास्त्राला चिकटून बसलेले पाद्री, आणि शेवटी तत्त्वज्ञांचा विजय. १६९० ते १७४० या काळातला कोणताही मूळ ग्रंथ उघडा, हे चित्र टिकत नाही. बिशप तर्काच्या बाजूने पानेच्या पाने लिहितात. पाखंडी म्हणून हिणवलेले लेखक शुभवर्तमानातली वचने एकेक करून लावून दाखवतात. विद्यार्थी गोंधळतो आणि मग ग्रंथ बाजूला ठेवून आधीचे चित्रच लिहून मोकळा होतो.

तर्क घ्यावा की प्रकटीकरण (देवाने माणसाला कळवलेले सत्य), असा तो वाद नव्हताच. देवाने काही कळवले आहे हे वादातले जवळजवळ सगळेच मानत होते. कळवलेल्या गोष्टीपुढे तर्काने नेमकी कोणती कामे करावीत, आणि कुठे हात आखडावा, यावर भांडण होते. खालची सगळी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. तिसरी पायरी आधी केली तर दुसरीतल्या चुका तिच्यात मुरतात आणि पुढे सापडत नाहीत.

## तयारी

शतक निवडू नका, एक वाद निवडा. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने इंग्लंडातल्या तत्त्वज्ञ जॉन लॉक, लेखक जॉन टोलंड आणि वूस्टरचे बिशप एडवर्ड स्टिलिंगफ्लीट या तिघांचा १६९५ ते १६९९ मधला वाद घ्यावा. चार वर्षांचा अवधी, एकच देश, आणि तिघांचे लेखन एकमेकांत गुंतलेले. असा घट्ट विणलेला वाद दुसरा सहज मिळत नाही.

वाचायला एवढे पुरे :

लॉकच्या मानवी आकलनावरील निबंधाचा चौथा खंड. त्यातल्या १६व्या प्रकरणातली कलमे १० ते १४, १७व्यातली कलमे २३ आणि २४, आणि १८वे व १९वे प्रकरण पूर्ण. बाकीचा ग्रंथ नंतर.

टोलंडचे ‘ख्रिस्ती धर्म गूढ नाही’ हे १६९६चे पुस्तक. लहान आहे, पूर्ण वाचा. त्याचे तीन भाग आहेत : तर्क म्हणजे काय, शुभवर्तमानात तर्काविरुद्ध काही नाही, आणि शुभवर्तमानात तर्कापलीकडचेही काही नाही. पुस्तकातला खरा स्फोट तिसऱ्या भागात आहे, पण पहिला भाग वगळला तर तो कळत नाही.

स्टिलिंगफ्लीट यांच्या त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीच्या) समर्थनग्रंथाचे दहावे प्रकरण. टोलंड आणि लॉक यांच्यावरचा हल्ला तिथे आहे.

शिवाय मराठी पवित्र शास्त्र जवळ ठेवा. वचनाचा संदर्भ आला की त्याच क्षणी काढून पाहा. मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे नावही ‘प्रकटीकरण’ आहे. या वादात तो शब्द त्या पुस्तकासाठी नाही, देवाने माणसाला कळवलेल्या सत्यासाठी आहे.

आता कागद आडवा धरून पाच रकाने आखा : लेखकाचे विधान एका वाक्यात, पान किंवा कलम, तर्काचे काम, खाना, कोणाला उत्तर. तिसरा आणि चौथा रकाना सध्या रिकामा राहील.

इशारा : आवृत्ती पाहिल्याशिवाय उतारा घेऊ नका. लॉकच्या ग्रंथातले १९वे प्रकरण चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १७०० सालच्या छपाईत, पहिल्यांदा आले. टोलंडने १६९६ साली ते वाचलेले असणे शक्य नाही. तरीही ‘लॉकच्या १९व्या प्रकरणावरून टोलंडने पुढचे पाऊल टाकले’ अशी वाक्ये लिहिली जातात. एवढ्या एका चुकीने अख्खा निबंध कोसळतो.

## १. साल आणि कायदा पक्का करा

प्रत्येक ग्रंथासमोर दोन साले लिहा, मुखपृष्ठावरचे आणि प्रत्यक्ष बाहेर पडल्याचे. लॉकच्या निबंधावर १६९० छापलेले आहे, पण तो डिसेंबर १६८९ मध्ये विक्रीला आला. स्टिलिंगफ्लीट यांच्या पुस्तकावर १६९७ आहे, तरी ते १६९६ संपण्याआधीच लोकांच्या हाती होते. उत्तर-प्रत्युत्तराचा क्रम लावताना दुसरे साल धरा.

इंग्लंडात १७५२ पर्यंत कायद्याचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधली कागदपत्रे एक वर्ष मागची वाटतात. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी धरला होता. दोन्ही देशांची पत्रे एकत्र वाचताना हे हमखास अडते.

मग कायदे. १६८९च्या सहिष्णुता कायद्याने सरकारी चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांना सवलत दिली, त्रैक्य नाकारणाऱ्यांना दिली नाही. छपाईपूर्व परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपला. टोलंडचे पुस्तक पुढच्याच वर्षी निघाले, हे उगीच नाही. १६९८च्या कायद्याने त्रैक्य किंवा पवित्र शास्त्राचा दैवी अधिकार नाकारणाऱ्याला आधी पदांपासून वंचित करण्याची आणि पुन्हा तेच केल्यास कैदेची तरतूद केली. एडिंबरात थॉमस एकनहेड या विद्यार्थ्याला धर्मनिंदेसाठी जानेवारी १६९७ मध्ये फाशी दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात आयर्लंडच्या संसदेने टोलंडचे पुस्तक जाळायचा हुकूम दिला आणि टोलंडला डब्लिन सोडावे लागले.

हे सगळे पार्श्वभूमी म्हणून एका परिच्छेदात उरकायचे नाही. लेखक कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, ते यावरून वाचायचे असते. लॉकने १६९५ मध्ये ‘ख्रिस्ती धर्माची तर्कसंगतता’ हे पुस्तक निनावी काढले. त्यात त्रैक्याबद्दल होकार नाही, नकारही नाही. जॉन एडवर्ड्स नावाच्या धर्मोपदेशकाने तेवढ्यावरून त्याच्यावर सोसिनियन, म्हणजे त्रैक्य नाकारणाऱ्या पंथाचा, असल्याचा आरोप केला.

तपासणी : लेखकाचे मौन कागदावर ‘मौन’ असेच लिहिले आहे ना? मौनाचा ‘नकार’ केला असेल तर तुम्ही एडवर्ड्सच्या जागी जाऊन बसलात.

## २. लेखकाचा तर्क कोणता, प्रकटीकरण कोणते

पहिल्या वाचनात फक्त हे शोधा. दुसरे काही लिहू नका.

लॉककडे तर्क म्हणजे कल्पनांमधली जुळणी किंवा विसंगती ओळखणे, मधल्या कल्पनांच्या मदतीने निष्कर्षापर्यंत जाणे, आणि जिथे निश्चिती नाही तिथे शक्यता तोलणे. स्टिलिंगफ्लीट यांना हे पुरत नाही. ‘द्रव्य’, ‘व्यक्ती’, ‘स्वभाव’ या संकल्पना इंद्रियांतून किंवा मनाच्या निरीक्षणातून येत नाहीत, तरी तर्काला त्यांची खात्री असते, असे ते धरतात. म्हणजे दोघेही तर्काच्या बाजूचे, फक्त तर्क वेगवेगळे. हा फरक सुटला की बिशप तर्कविरोधी वाटू लागतात आणि पुढचे सगळे वाचन वाकडे जाते.

प्रकटीकरणाचेही दोन प्रकार लॉकने १८व्या प्रकरणात केले आहेत. देवाने एखाद्याच्या मनावर थेट उमटवलेले ते मूळ प्रकटीकरण. त्या माणसाने शब्दांतून इतरांना सांगितलेले ते परंपरेने आलेले. आपल्यापर्यंत येते ते दुसरे. तिथे दोन प्रश्न नव्याने उभे राहतात : सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, आणि शब्दांचा अर्थ काय?

तिसरा प्रकार १९व्या प्रकरणात, खासगी प्रेरणेचा. पुराव्याशिवाय ‘देव माझ्याशी बोलला’ म्हणणाऱ्यांना त्या काळी जो शब्द लावत, त्याचे भाषांतर सर्रास ‘उत्साह’ असे केले जाते आणि प्रकरणाचा अर्थच हरवतो. ‘प्रेरणेचा दावा’ म्हणा. प्रकटीकरणाला वाट करून देण्यासाठी जो तर्क काढून टाकतो तो दोन्ही दिवे विझवतो, हे लॉकचे म्हणणे याच दावेदारांविरुद्ध आहे. त्याचा रोख बिशपांवर नाही.

## ३. तर्काची चार कामे वेगळी करा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. प्रत्येक विधान घ्या आणि त्यात तर्काकडे कोणते काम सोपवले आहे ते ठरवा.

ओळख पटवणे. हे वचन खरोखर देवाकडून आले का?

अर्थ लावणे. वचनाचा आशय काय?

आशय तपासणे. लावलेला अर्थ तर्काला पटत नसेल तर तो नाकारता येतो का?

गरज ठरवणे. तर्काला जे कळत नव्हते असे प्रकटीकरणाने काही दिले का?

पहिल्या दोन कामांवर मोठे भांडण क्वचितच सापडते. देवाने सांगितले असेल तर ते खरेच, पण त्याने सांगितले की नाही हे तर्काने ठरवायचे, हे लॉकचे मत १८व्या प्रकरणाच्या शेवटी आहे आणि स्टिलिंगफ्लीट ते मोडत नाहीत. पुढे १७३६ मध्ये जोसेफ बटलर तर याहून उघड लिहितो : कशाचाही निवाडा करायला, अगदी प्रकटीकरणाचाही, आपल्याकडे तर्काखेरीज दुसरे साधन नाही. बटलर प्रकटीकरणाचा खंदा पाठीराखा होता. हे वाक्य लेखकाचे नाव झाकून वाचले तर दहांतले नऊ जण ते डीइस्टाचे (प्रकटीकरणाची गरज न मानता तर्कावरून देव मानणाऱ्याचे) म्हणून सांगतील, असे मला वाटते.

फाटते ती तिसऱ्या कामावर.

लॉक तिसरे काम मर्यादेसह देतो. आपल्या स्पष्ट, थेट ज्ञानाशी जे उघड भांडते ते देवाचे वचन असू शकत नाही. एकच शरीर एकाच वेळी दोन ठिकाणी असते हे देवाने सांगितले, असे कोणी म्हटले तर न मानणेच योग्य. पण जिथे आपल्याकडे निश्चित ज्ञान नाही, केवळ शक्यता आहे, तिथे खात्रीचे प्रकटीकरण आपल्या अंदाजाच्या वर. हा दुसरा अर्धा भाग लोक टिपतच नाहीत. मग लॉकचे मत अर्धेच उरते आणि ते टोलंडच्या मतासारखे दिसू लागते.

टोलंड मर्यादा काढून टाकतो. जे समजत नाही ते मानताच येत नाही. ‘ब्लिक्ट्री’ नावाचे काहीतरी जगात आहे अशी कोणी अचूक खात्री दिली, पण ब्लिक्ट्री म्हणजे काय हे कळलेच नाही, तर त्या माणसाला शेजाऱ्यापेक्षा जास्त काय ठाऊक झाले? टोलंडच्या मते प्रकटीकरण ही माहिती मिळण्याची वाट आहे, पटण्याचे कारण नाही. पटते ते आशय समजल्यामुळे.

इशारा : यावरून टोलंड प्रकटीकरण नाकारतो असे लिहू नका. निदान या पुस्तकात तो तसे म्हणत नाही. त्याची योजना तीन ग्रंथांची होती आणि प्रकटीकरण खरोखर देवाकडून आले हे तिसऱ्यात सिद्ध करायचे ठरले होते. पुढचे दोन ग्रंथ निघालेच नाहीत. म्हणून पहिल्या कामासमोर त्याच्या नावे ‘पुढे ढकलले’ असे लिहा.

स्टिलिंगफ्लीट तिसरे काम विसंगतीपुरते देतात, अनाकलनीयतेपुरते देत नाहीत. एखाद्या गोष्टीत उघड अंतर्विरोध दाखवा, मग पाहू. ती कशी घडते हे कळत नाही, एवढ्याने ती नाकारता येणार नाही.

चौथे काम मॅथ्यू टिंडलच्या १७३० मधल्या ग्रंथात ऐरणीवर येते. देव परिपूर्ण, म्हणून त्याने माणसाला दिलेला नियम पहिल्यापासून परिपूर्ण. मग प्रकटीकरण त्यात भर काय घालणार? ते फार तर तोच नियम पुन्हा प्रसिद्ध करेल. बटलरचे उत्तर तिसऱ्या कामाच्या आड येते : प्रकटीकरण कसे असायला हवे होते हे आधीच ठरवण्याची आपली पात्रता नाही, निसर्गही आपल्या अपेक्षेप्रमाणे बनलेला नाही. लॉकचे १६९५चे उत्तर आणखी वेगळे, जास्त व्यवहारी. तर्काने संपूर्ण नीती सिद्ध करता आली असती कदाचित, पण तत्त्वज्ञांनी ते केले नाही, आणि राबणाऱ्या सामान्य माणसाला लांबलचक सिद्धता वाचायला सवड नसते.

काही नावे या चौकटीत नीट बसत नाहीत. त्यांना कोंबू नका. स्पिनोझाचा १६७० मधला निनावी ग्रंथ, ज्यावर हँबुर्गचा खोटा पत्ता छापला होता आणि जो अॅम्स्टरडॅममध्ये निघाला, दोन्ही बाजूंना नकार देतो : धर्मशास्त्र तर्काचे दास नाही आणि तर्कही धर्मशास्त्राचा दास नाही. शास्त्राचा अर्थ शास्त्राच्याच इतिहासावरून आणि भाषेवरून लावायचा. त्याचा हेतू आज्ञाधारकता शिकवण्याचा, तत्त्वज्ञान शिकवण्याचा नव्हे. त्याचाच मित्र लोडेवाइक मेयर याने १६६६ मध्ये तत्त्वज्ञानालाच शास्त्राचा भाष्यकार केले होते. दोघांना एका ओळीत ‘बुद्धिवादी’ म्हणून बसवणे ही ढोबळ चूक आहे.

सोसिनियनांचेही तसेच. त्रैक्य नाकारले म्हणून त्यांना डीइस्ट म्हणतात. पण पोलंडमधल्या राकुव्हच्या १६०५च्या प्रश्नोत्तरीमागचा फाउस्तो सोझिनी, ज्याच्या नावावरून पंथाचे नाव पडले, तो निव्वळ निसर्गावरून देव कळतो हेच मान्य करत नव्हता. त्याला शास्त्रच हवे होते. म्हणजे चौथ्या कामावर तो टिंडलच्या अगदी समोरच्या टोकाला उभा आहे.

तपासणी : तिसरा रकाना पाहा. एकाच लेखकाच्या सगळ्या विधानांसमोर एकच काम आले असेल तर वाचन घाईत झाले आहे.

## ४. तीन खाने आणि त्यांत काय पडते

चौथा रकाना आता भरा. लॉकच्या १७व्या प्रकरणातल्या २३व्या कलमात वर्गवारी तयारच आहे. एक देव आहे, हे तर्काला धरून. एकापेक्षा जास्त देव आहेत, हे तर्काविरुद्ध. मेलेले उठतील, हे तर्कापलीकडचे. ही वर्गवारी लॉकने शोधलेली नाही. रॉबर्ट बॉइलने १६८१ मध्ये तर्कापलीकडच्या गोष्टींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. लॉकला तिचे श्रेय देऊ नका.

खाने वापरताना क्रम असा ठेवा. आधी विधान लेखकाच्या शब्दांत लिहा. मग लेखक स्वतः त्याला कुठे टाकतो ते लिहा. त्यानंतर प्रतिपक्षी त्याच विधानाला कुठे टाकतो ते वेगळ्या शाईने लिहा. तुमचे स्वतःचे मत कुठेच नको.

दोन शायांत फरक पडला की खरी लढाई तिथे. सर्वांत बोलके उदाहरण प्रभुभोजनाचे. भाकर आणि द्राक्षारस प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर-रक्त होतात, ही कॅथलिक शिकवण कॅथलिक लेखक तर्कापलीकडच्या खान्यात ठेवतात. प्रॉटेस्टंट धर्मगुरू जॉन टिलटसनने १६८४ मध्ये ती विरुद्धच्या खान्यात टाकली : डोळ्यांना भाकर दिसते, जिभेला भाकर लागते, आणि ज्या इंद्रियांच्या भरवशावर प्रेषितांची साक्ष उभी आहे त्यांनाच खोटे पाडले तर सगळा धर्मच कोसळेल. मग दोन दिशांनी एकच प्रश्न आला. हाच निकष त्रैक्याला का लावत नाही? कॅथलिकांनी विचारले ते प्रॉटेस्टंटांना माघार घ्यायला लावण्यासाठी, त्रैक्यविरोधकांनी विचारले ते त्रैक्य सोडायला लावण्यासाठी. स्टिलिंगफ्लीट यांना १६८७ मध्ये या दोन शिकवणींची तुलना करणारे पुस्तक त्यासाठीच लिहावे लागले. १६९६ मधला त्यांचा आवेश समजायचा असेल तर ही आठ-नऊ वर्षांची रस्सीखेच माहीत हवी. टोलंडने अचानक काही काढले आणि बिशप चिडले, असे झालेले नाही.

टोलंड मधला खानाच मोडतो. नव्या करारात ‘गूढ’ म्हणजे पूर्वी झाकलेले आणि आता उघडलेले, असे तो वचनांवरून दाखवतो. कशाचे अंतर्सत्त्व कळत नाही म्हणून ती गोष्ट गूढ ठरत असेल, तर गवताची काडीही गूढ ठरेल. हा युक्तिवाद लॉकच्या भाषेतला आहे, म्हणूनच बिशपांनी लॉकला ओढले.

युरोप खंडावर हाच मधला खाना दुसऱ्या बाजूने हलला. फ्रेंच लेखक पिएर बेलने १६९७च्या कोशात आणि पुढच्या लेखनात दाखवले की गूढे नुसती तर्कापलीकडची नाहीत, तर्काच्या सूत्रांना ती मोडतात, आणि तरीही मानायची. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१० मध्ये त्याला उत्तर देताना एक उपयोगी भेद केला : समजावून सांगणे, पूर्ण आकलन होणे, सिद्ध करणे आणि आक्षेपांपासून राखणे ही चार वेगळी कामे आहेत. गूढ मानणाऱ्यावर फक्त शेवटच्याची जबाबदारी. आक्षेप घेणाऱ्याने विसंगती सिद्ध करावी. पाठीराख्याने ती सिद्ध झालेली नाही एवढे दाखवले तरी पुरे.

इशारा : बेलचा हेतू श्रद्धेचा होता की उपहासाचा, हा वाद आजही चालू आहे. निबंधात त्याचा निकाल लावायची गरज नाही. ‘बेलच्या शब्दांप्रमाणे’ असे लिहा आणि पुढे जा.

## ५. साक्षीची वही

ओळख पटवायची म्हणजे पुरावा हवा. त्या काळी दोन पुरावे मुख्य : चमत्कार आणि पूर्ण झालेली भाकिते. दोन्ही आपल्यापर्यंत साक्षीने येतात. म्हणून लॉकचे १६वे प्रकरण इथे वाचा, आधी नको. दहाव्या कलमात तो सांगतो की साक्ष जितक्या तोंडांतून जाते तितकी अशक्त होते. तेराव्यात चमत्काराला सूट देतो : देवाच्या हेतूला साजेशी घटना जितकी नेहमीच्या अनुभवाबाहेर, तितकी ती विश्वासाला पात्र ठरू शकते. दोन्ही कलमे समोरासमोर ठेवली की पुढच्या पन्नास वर्षांचा वाद कुठून फुटला ते दिसते.

अँथनी कॉलिन्सने १७२४ मध्ये भाकिते धरली. यशया ७:१४ हे वचन त्याच्या मूळ प्रसंगात आहाज राजाच्या काळाबद्दल आहे. मग मत्तय ते येशूबद्दल घेतो ते शब्दशः कसे? थॉमस वूलस्टनने १७२७ ते १७२९ मध्ये चमत्कार धरले. हे चमत्कार अक्षरशः घेतले तर हास्यास्पद ठरतात, म्हणून प्राचीन धर्मपित्यांप्रमाणे रूपक म्हणून घ्या, अशी त्याची मांडणी होती. त्याला दंड आणि कैद झाली. थॉमस शरलॉकने १७२९ मध्ये एका पुस्तकात पुनरुत्थानाच्या साक्षीदारांवर काल्पनिक खटला भरून त्यांना ज्यूरीकडून निर्दोष सोडवले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे चमत्कारांवरचे प्रकरण १७४८चे आणि त्याची सुरुवातच टिलटसनच्या त्या युक्तिवादाने होते.

इशारा : ह्यूमपासून उलटे वाचत येऊ नका. ह्यूम वाचून लॉककडे गेलेल्या वाचकाला तेरावे कलम चूक किंवा भीतीपोटी केलेली तडजोड वाटते. लॉकच्या स्वतःच्या हिशोबात ते नीट बसते, कारण देव आहे हे त्याने आधीच सिद्ध धरले आहे.

## ६. आरोप आणि मत वेगळे लिहा

लॉक आणि स्टिलिंगफ्लीट यांच्यात १६९७ ते १६९९ या काळात उत्तरे-प्रत्युत्तरे झाली. लॉकची तीन, बिशपांची दोन. मार्च १६९९ मध्ये बिशप वारले. या लेखनात मूळ मुद्दा सतत सरकतो. सुरुवात त्रैक्याने, मग द्रव्याची कल्पना, मग निश्चिती कशाने मिळते, मग देवाने जड पदार्थाला विचारशक्ती दिली असेल का, आणि शेवटी पुनरुत्थानात तेच शरीर उठते का.

पाचवा रकाना इथे कामी येतो. प्रत्येक वाक्य कोणाला उत्तर आहे ते लिहिले नसेल तर आरोप मत होऊन बसतो. शेवटचा मुद्दाच पाहा. ‘लॉक पुनरुत्थान नाकारतो’ हा आरोप. लॉकचे मत असे की शास्त्र ‘मेलेले उठतील’ म्हणते, ‘तेच शरीर उठेल’ असे म्हणत नाही. म्हणजे भांडण दुसऱ्या कामावर, अर्थ लावण्यावर आले; तर्क विरुद्ध श्रद्धा यात कुठेच नाही.

‘नास्तिक’, ‘डीइस्ट’, ‘सोसिनियन’ ही नावे त्या काळी शिवीसारखी फेकली जात. लेखकाने स्वतः घेतलेले नाव आणि दुसऱ्याने चिकटवलेले नाव वेगळ्या खुणेने दाखवा. टोलंडला आपण आज डीइस्ट म्हणतो ते चालेल, पण १६९६च्या पुस्तकातला टोलंड स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतो.

## ७. लिहायला बसताना

क्रियापदे जपून वापरा. ‘लॉक मानतो’, ‘लॉक मान्य करतो’, ‘लॉक वादापुरते धरून चालतो’ ही तीन वेगळी विधाने आहेत. बचावाच्या लेखनात तिसरे सर्वांत जास्त येते.

निबंधाची मांडणी लेखकांनुसार नको, कामांनुसार हवी. ओळख पटवण्याचे काम घ्या आणि त्यावर तिघे काय म्हणतात ते लिहा. मग अर्थ लावण्याचे. लेखकांनुसार मांडले की तीन सारांश शेजारी शेजारी पडतात आणि वाद दिसतच नाही. चार पानांच्या निबंधात दोन पाने तिसऱ्या कामाला द्या.

शेवटी एक चाळणी लावा. लिखाणातली ‘तर्क विरुद्ध श्रद्धा’ ही शब्दरचना जिथे जिथे आली असेल तिथे थांबा आणि तिच्या जागी नेमके काम लिहा. लिहिता येत नसेल तर ते वाक्य काढा.

## गोवा आणि मुंबई : रीत कुठे लागू पडते

मराठी वाचकाला दोन गोष्टी लगेच आठवतील. थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये राचोलला छापलेले ‘क्रिस्तपुराण’ याच शतकातले, तेही एका इंग्रज माणसाचे. पण त्याला वरची कोष्टके लावू नका. ते नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना शिकवण्यासाठी लिहिलेले आहे. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने शास्त्र आणि परंपरा दोन्हींना सारखाच मान द्यायचे ठरवले होते आणि स्टीफन्स त्या चौकटीत उभे आहेत. त्यात श्रोते प्रश्न विचारतात, पण ते समजून घेण्यासाठी. तर्काला निवाड्याचा अधिकार आहे का, हा तिथे मुद्दाच नाही.

१८३१चा मुंबईतला वाद मात्र या रीतीने वाचण्याजोगा आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांच्यात तो झाला. विल्सन चमत्कार आणि भाकितांचे पुरावे मांडणाऱ्या ज्या परंपरेतून आले, ती शरलॉक-बटलर यांच्या पिढीने घडवलेली. वाचताना पहिला रकाना दोन भागांत तोडा, कारण इथे प्रकटीकरण एक नाही, दोन आहेत : बायबल आणि वेद. विल्सन वेद-पुराणांच्या बाबतीत तर्काकडे तिसरे काम देतात का, आणि बायबलच्या बाबतीत पहिल्यावरच थांबतात का, हे वाक्यागणिक तपासा. दांडेकरांच्या उत्तरालाही तीच कसोटी लावा. दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाच कागदावर ठेवा, वेगळ्या वहीत नकोत.